झडतीवाली

— नाही, दार उघडंच राहू द्या. आणि ती पिशवी मांडीवरनं खाली ठेवा बरं, मला दिसेल अशी. राग मानू नका हं ताई, सवय आहे. एकतीस वर्षं शिलाईच्या कारखान्याच्या गेटवर बायकांच्या झडत्या घेतल्यात मी. सुटीचा भोंगा झाला की चारशे बायका माझ्या हाताखालनं जायच्या — खिसे, पिशव्या, डब्याचं झाकणसुद्धा उघडून बघायचं — रिळं सापडायची, बटणांची पाकिटं, एकीनं तर अंबाड्यात दोन मीटर लेस गुंडाळलेली. पण खरं सांगू, हाताला नंतर लागतं, डोळ्याला आधी कळतं. जिच्याकडे माल असतो ना, ती माझ्याकडे बघून हसते. बाकीच्या कशाला हसतील? त्यांना घरी जायची घाई. आता तुम्ही आल्यापासनं हसताय, म्हणून विचारलं — पाठवलं कुणी तुम्हाला?

दवाखान्यातून. बरं. पासष्टीच्या पुढच्या सगळ्यांची मनाची तपासणी चाललीय, घरोघरी. मग वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींकडे गेला होतात का? गेलात? काय म्हणाले ते? — सांगता येत नाही? वा! म्हणजे त्यांचं मला सांगत नाही, तर माझंही कुणाला सांगणार नाही, असं मी समजायचं. हुशार आहात. पण माझ्या सुनेनं तुमच्या कानावर घातलं असणार, पैज लावते. दोन महिने तिची टकळी चाललीय, "आई, तुम्ही हल्ली फार चिडता, एकदा दाखवून घेऊ या." दाखवून घेऊ या म्हणे! म्हातारीच्या डोक्यावर एकदा शिक्का बसला ना, की संपलं. मग तिनं चहात साखर कमी आहे म्हटलं तरी लोक एकमेकांकडे बघणार. विचारा, विचारा, मी काही घाबरत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई नव्हे मी.

काय? कशातच रस वाटेनासा झालाय का, आनंद वाटेनासा झालाय का — गेल्या दोन आठवड्यांत? काय तरी बाई प्रश्न! अहो, सकाळी कुंड्यांना पाणी घालते, मग खिडकीत बसून कोण कुणाबरोबर कुठं चाललंय ते बघते, त्यात मला चिकार रस आहे. लिहा, अजिबात नाही. रस उडालाय तो आमच्या ठमीचा. नात हो माझी, चौदाची. अशी चित्रं काढायची — वहीवर, भिंतीवर, माझा पाय मोडला होता तेव्हा प्लास्टरवरसुद्धा मासे काढले होते कार्टीनं, डॉक्टरला कापवेना ते. आता महिना झाला, ब्रशला हात नाही. पण ते जाऊ द्या, तुम्ही माझं विचारायला आलात ना?

झोप मला उत्तम लागते, इतकी घोरते की मुलगा भिंतीवर थापा मारतो. ठमीच टक्क जागी असते, आम्ही दोघी एका खोलीत ना, कूस बदललेली कळते मला. आणि सकाळी उठवता उठत नाही. भूक — ताटात पडेल ते खाते मी. तिनं मात्र जेवण टाकलंय. लहानपणी कशी गुबगुबीत, म्हणून तर ठमी म्हणायला लागलो, आणि आता दंड बघाल तर काठी. वयच असतं ते. तुम्ही मान का हलवताय? आणि ते काय लिहिलंत? दाखवा. नाही, दाखवा आधी. हां. तिचं काही लिहायचं नाही, सांगून ठेवते. तिचा कागद शाळेत वेगळा झालाय.

झालाय म्हणजे झालाय. असाच होता, नऊ प्रश्नांचा. पाकिटात घालून घरी पाठवला होता — पोरांनी स्वतः भरायचा, घरच्यांनी सही करायची. मुलगा आणि सून कामावर, घरात मी एकटी. ठमीनं शिसपेन्सिलीनं भरून माझ्यापुढे ठेवला. मी आपली चष्मा लावून बघते तर काय, खुणा बहुतेक सगळ्या शेवटच्या रकान्यात! जवळजवळ रोज, जवळजवळ रोज, जवळजवळ रोज. म्हटलं, "ठमे, हे काय गं? हात दाखवून अवलक्षण? हा कागद शाळेत दहा जणांच्या हातात जाणार, उद्या कुणी म्हणालं ही मुलगी तसली, तर तोंड कुठं लपवशील?" भांडली पण नाही, एरवी वाघीण आहे. मग मी तिच्या कंपासमधनं रबर काढलं आणि खोडलं सगळं. पेन्सिल तिच्या हातात दिली, म्हटलं पहिल्या रकान्यात कर. अजिबात नाही. तिनं केल्या खुणा, नऊच्या नऊ. आणि माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, चला, पोरीला पटलं.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला काय ठाऊक शिक्का म्हणजे काय ते! धाकट्या भावाच्या वेळी आई बाळंत झाली आणि महिन्याच्या आत भिंतीकडे तोंड करून निजली. बाळ रडून रडून निळं व्हायचं, हिचा पान्हा वाहून जायचा, पण उचलायची नाही. मी नऊ वर्षांची, मी उचलायचे. आधी लोक म्हणाले आळशी आहे. मग म्हणाले सोंग करते. मग म्हणाले वेडी. बाप मोठ्या इस्पितळात ठेवून आला तो दोन वर्षांनी आणायला गेला. ती आली तेव्हा भाऊ माझ्या मागे लपला — ही कोण बाई म्हणून! आणि मी उपवर झाल्यावर दोन स्थळं आली तशी परत गेली. वेडीची पोर. कानांनी ऐकलंय मी, दाराआडून. मग काय करायला हवं होतं मी? ठमीला तेच ऐकू द्यायचं?

काय म्हणालात? बाळंतिणींनाही विचारतात आता? त्यांचा कागद निराळा... आणि मग? औषध देतात, बसून बोलतात — ते ठीक आहे हो, पण उतरतं का? किती दिवसांनी?

काही आठवड्यांत फरक पडायला लागतो म्हणता?

आठवड्यांत. म्हणजे भाऊ बसायलाही शिकला नसता तोवर. खरं सांगताय ना? नाहीतर लावून द्याल काहीतरी, या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात. सुटतात? डॉक्टरला विचारून, हळूहळू. आणि पोरांना? आधी बोलूनच बघतात, लागल्या तरच गोळ्या. हं. सगळं पाठ आहे तुम्हाला. पुढचं वाचा.

शेवटचा ना? नका वाचू, ठाऊक आहे. मरून गेलेलं बरं असं वाटतं का, हाच ना? त्या कागदावरही नववा हाच होता. माझं लिहा, अजिबात नाही. तिचं... सांगितलं ना खोडलं म्हणून! खोडायच्या आधी? खोडायच्या आधी तिसऱ्या रकान्यात होती खूण. निम्म्याहून जास्त दिवस. नीट खोडलीही गेली नाही मेली, इतकी दाबून केली होती, कागदावर वळ राहिला.

लक्ष ठेवा म्हणजे? मी काय आंधळी आहे? रोज दप्तर बघते तिचं, हात शिवशिवतात माझे. वावगं काही नसतं हो. सोमवारी रंगांची पेटी घेऊन गेली. म्हटलं चित्रकलेचा तास असेल. संध्याकाळी पेटी नाही — "मैत्रिणीला दिली गं आजी." मग मी घेतलेलं घड्याळ. मग ती गोष्टींची पुस्तकं, कुणाला हात लावू द्यायची नाही ती. म्हटलं असू दे, देता हात चांगला. चोरीचं थोडंच आहे, तिचंच आहे सगळं. गेटवर आम्ही स्वतःची वस्तू नेणारीला अडवायचोच नाही. उलट मला त्यावरनं कळायचं बरं का! सुपरवायझरला मी आधी सांगायचे, अमकी सोडून जाणार. तो म्हणायचा, तुला काय स्वप्न पडतं? अहो, स्वप्न कशाला, आधी ती आपला चहाचा कप घरी नेते. मग आरसा. मग कामाच्या चपला. रोज एकेक. बोलत काही नाही, जाताना माझ्याकडे बघून हसते, आणि एक दिवस भोंगा होतो अन् तिचं मशीन रिकामं. एकतीस वर्षांत मी एकदाही चुकले ना—

ताई.

ती घरीच आहे आज. पोट दुखतंय म्हणाली, म्हणून शाळेत नाही पाठवली. त्या आतल्या खोलीत. तुम्ही आल्यापासनं काही आवाज आला का हो आतनं? मीच बोलत बसलेय मघापासनं...

ठमे! ए ठमे!

ठमे, बाळा!

ओ दिली. दिली ना? तुम्हीही ऐकलीत ना? दिली, दिली.

थांबा, पाणी नको मला. माझा हा कागद राहू द्या, फाडून टाका. पोरांचा असतो तो आहे ना पिशवीत? काढा. पेन्सिल नको, पेन द्या तिला. आणि जा तुम्ही आत. मी नाही येत, मी असले की ती हसते. सुनेला मी फोन करते, इथनंच, दारात बसून — जा हो, बघत काय बसलात!