गाठोडं खाली ठेवा

—नाही, सही मी करणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच आशेवर राहायला नको. बसा पण. विमान अर्धा तास लेट आहे म्हणतात, म्हणजे तासभर धरा, आणि इथं बोलायला दुसरं कोण आहे? ते गाठोडं खाली ठेवा ना, नत्थूजी — आल्यापासून मांडीवर घेऊन बसलात. सोनेगावच्या विमानतळावर कोणी गाठोडी चोरत नाही. मिरची असेल, नाही का? भिवापूरचा माणूस रिकाम्या हातानं यायचा नाही. मला नको पण, पोटाला सोसत नाही आता. चहा घ्या. तोही नको? बरं. थांबा, मला बोलू द्या, तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे — पोरीची नोकरी गेली, तक्रार मागे घ्या. मुलीचा बाप दुसरं काय म्हणणार?

तुमची तारा वाईट नाही, तसं मी तक्रारवहीत लिहिलंही नाही. पण सर्व्हिस कशाला म्हणतात हे तिला कळत नाही आणि तिच्या कंपनीलाही कळत नाही. वर्षातून चाळीस वेळा उडतो मी. या विमानात बसतं कोण, सांगा — मंत्री फुकट, साहेब सरकारी खर्चानं, आमदाराचा भाचा चिठ्ठीवर. खिशातून नोटा काढून तिकीट घेणारा मी एकटा. म्हणजे विमान माझ्या जिवावर उडतं की नाही? आणि मला मिळतं काय — कानात घालायला कापूस, दोन लिमलेटच्या गोळ्या आणि गार कटलेट. एकदा मी तीन गोळ्या उचलल्या तर ती ट्रेवाली हसली. लिहिलं मी तिचं. सगळ्यांचं लिहितो. वही मागितली की यांचे चेहरे कसे उतरतात, ते पाहायला तरी एकदा उडा तुम्ही.

कंपनीला कमाईच कळत नाही हो. हे पाहा — संत्रा आज नाही गेला तर उद्या जातो, भाव पडतो पण जातो. सीटचं तसं नसतं. विमान उडालं की रिकामी सीट मेली, तिला उद्या कोणी विचारत नाही. म्हणून भरलेली सीट देवासारखी जपायची. आणि तुमच्या तारानं काय केलं? भरलेली सीट रिकामी करायला निघाली. माझी. माझी सीट. चार दिवसांमागे, आजच्यासारखाच मुंबईला निघालेला मी काउंटरवर उभा, मागे वसनजीशेठ — मुंबईचे, तेंदूपत्त्याचे मोठे व्यापारी, आज माझी जी काय ठेकेदारी आहे ती त्यांच्यामुळे — आणि ही पोरगी तिकीट हातात घेऊन म्हणते काय, "काहून जाता गा बाबादादा? मोठी माय लय बिमार हाये. तुमचंच नाव घेऊन राहिली. थांबून जा, मी तिकीट उद्याचं करून देतो." मोठ्यानं. सगळ्यांसमोर. गा! मला मुंबईत मिस्टर राव म्हणतात, नत्थूजी. बाबारावातला बाबा मी केव्हाच काढून टाकला, आणि ही मला गा म्हणते.

आता तुम्हाला वाटेल, एका शब्दासाठी? शब्दाचं नाही ते. शेठनं ऐकलं, ते आहे. दहा वर्षांमागे त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. मुंबईत जेवताना माणसाची चौकशी करतात — वडील काय करायचे, आई कुठे असते. काय सांगणार होतो मी? बाजारात मिरचीची पाटी घेऊन बसते, बोटं लाल, डोळे लाल, गिऱ्हाईक नसलं की पोराचं नाव सांगत बसते? मी म्हटलं, आई मी लहान असतानाच गेली. शेठचीही लहानपणीच गेलेली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, माझ्या ताटात आपल्या हातानं पुरी वाढली. पहिला ठेका मला त्याच आठवड्यात मिळाला. आता म्हणा, त्या माणसासमोर तुमच्या पोरीनं माझी मेलेली माय जिवंत करून ठेवावी?

शेठला मी सांगितलं, मुलीची चूक झाली, मला दुसराच कोणी समजली. मग वहीत लिहिणं आलंच — न लिहितो तर चूक तिची कशी? दोनच ओळी लिहिल्या. एक, कर्मचारी प्रवाशाला गा म्हणते. दोन, विकलेली सीट रिकामी करायला लावून कंपनीचं नुकसान करते. मॅनेजरनं पहिली वाचून मान हलवली, दुसरी वाचली आणि पोरीला घरी बसवलं. कमाईचं कळत नाही त्यांना, पण भ्या पुरतं वाटतं. आणि मी गेलो मुंबईले. काहून नाही जाणार? माय तर दर उन्हाळ्यात बिमार असते. खोकते, चार दिवस पडून राहते, अन् शुक्रवारी पुन्हा पाटी घेऊन बाजारात. तिले काही होत नाही. मिरचीनं पिकलेलं शरीर आहे ते, तिले काय होते?

ते खाली ठेवा म्हटलं ना. हात भरून आले असतील तुमचे. अन् टोपी सरकली तुमची — डोकं भादरलं काय? बरं केलं, ऊन लय तापून राहिलं. मले काय पाहता असे? कागद असेल तर काढा, वाचून तरी पाहतो, सही नाही करणार. कागद नाही? मग तारासाठी नाही आले? मग कशाले आले इतक्या दूर, एसटीनं, उन्हातान्हाचे—

थांबा. गाठ नका सोडू. दिसलं मले. मडकं दिसलं. भुईले टेकवत नाहीत म्हणून मांडीवर... अन् मी केव्हाचा म्हणून राहिलो खाली ठेवा, खाली ठेवा. तुम्ही दिला अग्नी? म्हणून डोकं — हो. शेजारचे तुम्हीच, कोण देणार दुसरं. कवा गेली? मी उडलो त्या दिवशी? सकाळी की... नका सांगू. मी विचारलंच नाही असं समजा. तारा म्हणे उद्याचं करून देतो. एका दिवसाचं तर काम होतं, नत्थूजी, एका दिवसाचं.

नाही, माझ्या हातात नका देऊ. रामटेकले न्या, अंबाळ्याच्या तळ्यात सोडा, तिले रामटेक पाहाचं होतं. मी येतो मागून. परवा येतो, नाही तर — मागं नका पाहू. शेठ आले. पदराचं फडकं आहे ते तिच्या, मी ओळखतो, झाका ते. उठा. उठा गा, काहून बसून राहिले, माझं वाटोळं करता काय? जा म्हटलं ना—

आइए सेठजी, आइए, इधर बैठिए. ये? कोई नहीं, सेठजी. मिर्चीवाला है.