दोन रॅमची जोडी

कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत लोक मला उस्ताद म्हणतात, पण एक धडा मला अकोल्याच्या एका शेतकऱ्यानं दिला, तो ऐका.

कापसाच्या पडलेल्या भावानं सगळ्यांनाच बेजार केलं होतं, तेव्हाची गोष्ट. त्या शेतकऱ्याच्या, म्हणजे करीमचाचांच्या मुलीनं, शबानानं, घरीच मुलींसाठी टायपिंगचा क्लास काढला होता. दुसऱ्या दिवसापासून नऊ मुली येणार होत्या आणि कॉम्प्युटर सारखा अडकत होता. म्हणून मी अमरावतीहून आणखी एक रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, घेऊन गेलो. जुन्या रॅमशेजारी ती बसवली, तर मशीन नुसतं पी-पी करायला लागलं.

मी जागा बदलून पाहिल्या, प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहिलं. एकेकटी कोणतीही रॅम चाले, पण एकीनं काम भागत नव्हतं, आणि दोघी मिळून चालेनात.

"भाऊ, उद्या पोरी आल्या तं काय सांगू मी?" शबाना रडकुंडीला आली.

बाजेवर बसलेल्या चाचांनी विचारलं, "दोघीत जोरात कोणती पयते?"

"नवी."

"मंग! म्हाताऱ्या बैलासंग गोऱ्हा जुपला, तं गोऱ्ह्याचा कासरा आखडून धरा लागते. तुमी त्याले मोकळं काहून सोडलं?"

मी एकटी नवी रॅम लावून सेटिंगमध्ये गेलो, तिचा वेग जुनीइतका कमी केला आणि मग जुनी तिच्याशेजारी बसवली. मशीन मुकाट्यानं सुरू झालं.

शबाना हसली. "अब्बा, तुमचंही नाव लिवू का क्लासात?"

"लिव. पण माह्यापायी त्या नऊही पोरीयचा कासरा आखडून धरा लागन!"