असत्य न बोलण्याचा एकोणिसावा दिवस

— नाही, पुंडलिकराव, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि उभ्यानं काय बोलता, बसा — ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. पहिली पाळी सुटली आणि कारखान्यातून थेट इकडेच आलात, घरी न जाता, बुटांवरची लाल धूळ सांगते आहे. म्हणजे काम तातडीचं. काय, तर आई आज-उद्या इथं येतील, बबलूबद्दल विचारतील, आणि मी सांगायचं की तो मस्कतला आहे, मजेत आहे, एवढंच. ‘एवढंच’ हा शब्द तुमचा, माझा नव्हे. तुमचा धाकटा भाऊ बबलू जुलैत सुरतेला वारला, हृदय बंद पडून. तुम्ही एकटे गेलात, तिथंच अग्नी दिलात, परत आलात आणि आईला म्हणालात, त्याला परदेशात काम लागलं. का, तर त्यांचं काळीज नाजूक. तेव्हापासून रुआबांध्याची ही अख्खी गल्ली एकाच सुरात खोटं बोलते. त्याचा मित्र सुशील सुरतेहून दर रविवारी बबलूच्या नावानं फोन करतो आणि घसा बसलाय म्हणतो — सहा महिने बसलेला घसा. तुमच्या आईंना, ठकूबाईंना, ऐकू कमी येतं म्हणून खपून जातं. गल्लीतला भय्याजी पावर हाउसच्या बाजारातून खजुराचा डबा आणतो आणि मस्कतहून आला म्हणून त्यांच्या हातावर ठेवतो. मीही बोललो आहे, नाकारत नाही. त्यांनी विचारलं होतं, मस्कतला थंडी असते का मास्तर, आणि मी म्हणालो होतो, फारशी नसते. पण ते डिसेंबरात.

जानेवारीच्या पहिल्या तारखेला आपल्या मंडळाची सहल मैत्रीबागेत गेली होती, आठवतं? जेवणं झाली आणि प्रत्येकानं उभं राहून आपापला निश्चय सांगितला. प्रितम म्हणाला, रोज पहाटे पाच किलोमीटर चालणार. दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी धुकं होतं. भय्याजीनं साखर सोडली, ती तिळाच्या लाडवांपर्यंत. आणि तुम्ही — आईच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही तंबाखूचा खर्रा सोडलात. मग डाव्या गालात आत्ता काय आहे, पुंडलिकराव? मला वास येतो ना. मोरी तिकडं आहे, थुंकून या. नको? बरं, गिळा मग. मी त्याच दिवशी सांगितलं होतं, इच्छा वेगळी आणि संकल्प वेगळा. इच्छा नुसत्या तोंडानं होते. संकल्पात माणूस तिथी घेतो, ठिकाण घेतो, स्वतःचं नाव घेतो आणि मग तळहातावरचं पाणी सोडतो, आणि सोडलेलं पाणी ओंजळीत परत येत नाही. तुम्हांला ते म्हाताऱ्याचं व्याख्यान वाटलं. मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, वर्षभर असत्य बोलणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्यात. बबलूचं काय होईल हे तेव्हा कोणाला का सुचलं नाही? नाही सुचलं, कारण मी ते पाळीन असं कोणाला वाटलंच नाही.

पाळलं. चंदानं विचारलं, सर, माझी मोनाली बँकेच्या परीक्षेत निघेल का — म्हणालो, नाही निघणार. रडली. मी तिला पाणी दिलं. ‘कावून’ म्हणून काय विचारता, ‘का’ म्हणा — मुलीला टक्केवारी काढता येत नाही म्हणून. संक्रांतीला सगळे दारी येऊन म्हणतात गोड बोला. खरं बोला असं म्हणत आजवर एकही आला नाही. ते राहू द्या. मंडळात आणखी एक संकल्प झाला होता, तो तुम्ही विसरलात. सगळ्यांत शेवटी ठकूबाई उठल्या, झाडाच्या खोडाला धरून, आणि म्हणाल्या, यंदा बबलू कवा येते म्हून म्या कोनालेच विचारनार नाही. तुमच्या पत्नीनं, रुक्मानं, डोळ्यांना पदर लावला आणि तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात — टाकलात, मी समोरच बसलो होतो. आणि त्या बाईनं तो अठरा दिवस पाळला. आपल्या मंडळात माझ्या खालोखाल त्याच. आज मोडला.

हो, आज. सकाळी दहाला आल्या होत्या इथं. — बसा. बसा म्हणतो ना, त्या घरी आहेत. सुखरूप असं म्हणणार नाही, घरी आहेत. तुम्ही रदबदलीला आलात खरे, पण चार तास उशिरा, आणि हे मी तुम्ही दारात शिरलात तेव्हाच सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. तुमचं म्हणणं पूर्ण ऐकायचं होतं मला, इतकं आर्जव कसं करतात ते पाहायचं होतं. त्यात असत्य काही नाही.

दार त्यांनी स्वतःच लोटून घेतलं. या खुर्चीत बसल्या — तुम्ही बसला आहात त्याच. म्हणाल्या, मास्तर, सहा मयने झाले, बबलू माह्यासंगं भांडला नाही. कायले इतका गोड बोलते तो? हाय का नाही पोरगा, सांगा. — तुम्ही सगळ्यांनी मिळून खजूर आणले, घसे बसवले, आणि तुमच्यांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही की फोनवरच्या त्या सुशीलला आईशी भांडायला लावायला हवं होतं. खोटंही धड रचता येऊ नये माणसांना.

गप्प राहता आलं असतं, हेच म्हणायचं आहे ना तुम्हांला? आलं असतं. मौन म्हणजे असत्य नव्हे. पाठीवरून हात फिरवला असता, चहा दिला असता, मोतीबिंदूचा विषय काढला असता, संकल्पाला धक्का न लागता त्या जशा आल्या तशा परत गेल्या असत्या. मी विचार केला होता त्याचा. भरपूर वेळ होता, त्या उत्तराची घाई करत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या माझ्याकडं. पण पुंडलिकराव, मला गप्प राहायचं नव्हतं. एका बाईसाठी अख्खी गल्ली खोटं बोलते — रोज, नेमानं, चुका करत का होईना — आणि ती बाई माझ्यासमोर बसून मला विचारते, मलाच. माझा पियूष पुण्याला आहे, तुम्हांला ठाऊक आहे. त्याची आई, कमलिनी, गेल्यावरची ही तिसरी दिवाळी झाली. फोनवर म्हणाला, बाबा, रजा आहे, पण तिथं यावंसं वाटत नाही. सरळ. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. लहानपणी त्यानं गृहपाठाबद्दल एकदा थाप मारली होती तेव्हा मी त्याला दोन तास अंगणात उभं केलं होतं, मे महिन्यात, मुलगा शिकला. एकदा तरी म्हणाला असता, रजा नाही मिळाली — मला कळलं असतं, लगेच कळलं असतं, आणि तरी मी — असो. हे तुम्हांला सांगण्याचं काही कारण नव्हतं. पाणी नको तुम्हांला? मला हवं आहे. थांबा.

हं. तर सांगितलं. जुलै, सुरत, हृदय, अग्नी. चार शब्दांत झालं. रडल्या नाहीत. अग्नी कोनं देल्ला, विचारलं, म्हणालो, पुंडलिकरावांनी. एकलाच होता का तो? म्हणालो, एकटेच होते. मग बराच वेळ आपल्या हाताच्या बोटांकडं बघत बसल्या, एकेक बोट चोळत, जणू थंडी वाजते आहे. मी म्हणालो, जन्मलेल्याला मृत्यू ठरलेला आहे. त्यांनी ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. उठल्या, दारापाशी थांबल्या.

काय म्हणाल्या? विचारता आहात म्हणजे सांगावं लागेल. नसतं विचारलं तरी सांगितलं असतं, तेवढंही खरंच सांगतो. म्हणाल्या, “मास्तर, मले समजलं म्हून पुंडलिकाले सांगू नोका. बहुत मेहनत घेतली त्यानं माह्यासाठी.”

मी हो म्हणालो नाही. त्यांना वाटलं असेल म्हणालो. मान हलली असेल माझी, वयामुळं हलते ती. शब्द दिलेला नाही, मोडण्याचा प्रश्न येत नाही.

माझ्याकडं असं बघू नका. तीस वर्षं वर्गात बघून घेतलं आहे तसलं. उठा आता. त्यांनी भात टाकला असेल, तुम्ही पाळीवरून येता म्हणून वाट बघत असतील, आणि तुम्ही दारात दिसलात की हसतील. पहिलाच दिवस आहे, फारसं जमणार नाही त्यांना. तुम्ही ओळखलंत असं त्यांना दिसू द्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्या कामात माझा उपयोग नाही.

जा. कडी मी लावून घेतो.