मऊ पाठीची कुर्ली

हॅलो? हॅलो… मुंबई लागली का? …हो, हो, रत्नागिरीहून. मी रावजी, ड्रॉइंगमास्तर… प्रोफेसरसाहेब का? नमस्कार, नमस्कार! …तोच मी, तुमच्या खेकड्यांच्या पुस्तकातल्या कुर्ल्यांची चित्रं काढली तो.

साहेब, पुस्तक छापखान्यात गेलं का हो? …छे, छे, चित्रांत चूक नाही! …अहो, ऐका तर… ती तिसरी कुर्ली… हो, तीच, मऊ पाठीची, जिला तुम्ही माझं नाव देताय… आभार कसले मानतोय, ते नाव काढा म्हणून सांगतोय!

…गंगुबाई म्हणते. नाटे गावची. तिन्ही कुर्ल्या तिच्याकडूनच नाही का घेतल्यात? …डिग्री कुठली? डोक्यावर मासळीची पाटी आहे. इथेच उभी आहे… अगो थांब गो, सांगतोय ना मी!

म्हणते, ती वेगळी जात नव्हेच. त्याच कुर्ल्यांतली, नुकतं कवच टाकलेली. पौर्णिमेला घेतलीत ना? अमावास्येची कुर्ली भरलेली, पौर्णिमेची पोकळ. शेंबडं पोरही सांगेल, म्हणते… आणि साहेब, रागावू नका… पहिल्या दोन जातीही एकच. एक नर, एक मादी.

…हो, ठाऊक आहे, एकीला प्रिन्सिपॉलसाहेबांचं नाव, दुसरीला त्यांच्या मडमेचं. ते एक बरं झालं, जोडी तरी मोडली नाही.

…मला का हौस आहे? शाळेत सत्कार झाला परवा. नारळ घेतला हो मी! सासऱ्यांनी चिपळूणभर पेढे वाटले. आमच्या घराण्याचं नाव कधी तालुक्याबाहेर गेलं नाही, ते लंडनला निघालं होतं… फार वाईट वाटतंय, साहेब. पण खोट्या कुर्लीवर बसून किती लांब जाणार?

…काय? मोठ्याने बोला… छापून झालं? लंडनला रवानासुद्धा? …आता बदलता येत नाही? …हो, लॅटिन नाव एकदा छापलं की कायम, पण कुर्लीला लॅटिन कळत नाही ना… बरं. बरं. राहू दे.

…गंगुबाई विचारतेय, एवढ्यांची नावं घातलीत, तिचं कुठे आहे? …तळटीपेत? ‘एक स्थानिक स्त्री’? …नको, मी नाही सांगत. हातात कोयता आहे तिच्या.

…पुन्हा येताय? आणखी जाती शोधायला? या की, घरीच उतरा. फक्त अमावास्या बघून या. पौर्णिमेला आलात, तर पाटीभर माझ्याच नावाच्या मिळतील… हो, पोकळ… हॅलो? …हॅलो?