कुलपाची दुसरी किल्ली

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या मुख्याध्यापिका इंद्रायणी मॅडम, व्यासपीठावरचे संस्थेचे पदाधिकारी, एकतीस वर्षं आपली प्रयोगशाळा सांभाळून आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती संगप्पा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि समोरचे माझे सहकारी बंधुभगिनी, सर्वांना नमस्कार.

माईक चालू आहे ना? मागून कुणी मान हलवली, पण नुसत्या मान हलवण्यावर मी विसंबत नाही. मघाशी श्रीफळ हातात दिलं, तेव्हाही मी ते कानाशी नेऊन हलवून पाहिलं. मी विज्ञानाचा शिक्षक, संशय घेणं हे माझं काम आहे, असं मी घरी सांगतो. घरचे म्हणतात, ती खोड आहे.

गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. तिथून आपल्या शिक्षक-खोलीत जे महाभारत सुरू झालं, ते आपण सर्वांनी डबे उघडून पाहिलं आहे. मी लो-कार्बवाला झालो. भाकरी बंद, भात बंद. मराठीच्या मालतीबाई लो-फॅटवाल्या. त्यांचं तेल बंद, तूप बंद, शेंगदाणा म्हणजे शत्रू. आता सांगा, सोलापुरात राहून हे करायचं? त्या कोरडी भाकरी ताकात बुडवून खायच्या आणि मी शेंगाचटणी चमच्यानं खायचो, वर तुपाचा गोळा! त्या म्हणायच्या, "नारायणराव, हृदयात तूप साठतंय." मी म्हणायचो, "बाई, तुमच्या रक्तात साखर साठतेय." दोघांकडेही मोबाइलवर आपापले डॉक्टर होते. माझी शंका एवढीच, की दोन्हीकडच्या डॉक्टरांकडे शेवटी विकायला एक डबा असतोच. पण ही शंका मला फक्त त्यांच्या डॉक्टरांबद्दल यायची.

संगप्पा एकदा टेबल पुसता पुसता म्हणाले, "दोगं मिळून एक जेवन जेवताय, आन् भांडताय मातर चौगांवानी."

दर शनिवारी क्रीडा-खोलीतल्या काट्यावर वजन व्हायचं आणि संगप्पा ते खडूनं दारामागं लिहायचे. सहा महिन्यांत माझं सात किलो उतरलं, बाईंचं चार. मी चपला काढून उभा राहायचो आणि बाईंनी काढल्यात का, हे वाकून बघायचो. अहो, हसताय काय? एकदा तर काटा खालून कशानं अडलाय का, हे मी काट्याखाली आरसा धरून पाहिलं होतं.

आणि त्याच दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की प्रयोगशाळेतला माझा ड्रॉवर कुणीतरी उघडतंय. वस्तू जागच्या हललेल्या. कोण असणार? झाडलोट संगप्पांची. माझी खात्री झाली, की मालतीबाईंनी मी चोरून काय खातो ते बघायला यांना लावून दिलंय. एक-दोनदा डबा झाल्यावर ते म्हणाले होते, "सर, जेवन झालं, आता म्होरलं काम करा की." मला वाटलं, हा कोण मला काम सांगणारा?

मी लेखी तक्रार केली. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या माणसावर. मॅडमना खुलासा मागवावा लागला. संगप्पांनी दोन ओळी लिहून दिल्या. त्या मला पाठ आहेत. "ड्रॉवर मीच उघडला. कशासाठी ते सांगणार नाही." मी शिक्षक-खोलीत म्हणालो, बघा, चोर सापडला! आणि ड्रॉवरला नवं कुलूप आणून लावलं.

आता त्या ड्रॉवरमध्ये होतं काय, ते आजवर मी या सभागृहात कुणाला सांगितलेलं नाही. त्यात माझ्या गोळ्या होत्या. दुपारच्या जेवणानंतर घ्यायच्या, हृदयाच्या. घरी सांगायचो, शाळेत घेतो. घेत नव्हतो. मोबाइलमधले एक गृहस्थ म्हणाले होते, भाकरी सोडलीत ना, मग गोळीची गरज काय? सख्ख्या बायकोनं आणलेली भाजी मी वास घेऊन तपासतो, मालतीबाईंच्या चपला तपासतो, आणि विश्वास टाकला तो कुणावर? ज्याचं नावही मला धड माहीत नाही त्याच्यावर!

फेब्रुवारीत जिना चढताना छातीत कळ आली. संगप्पांनी मला बाकावर आडवं केलं, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रोज घेता? मी म्हणालो, रोज. तोवर माझी पत्नीही येऊन उभी राहिली होती. आणि दारातून संगप्पा पुढं आले. सदऱ्याच्या खिशातून भरलेल्या सात स्ट्रिपा काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. "न्हाय घेत, सायेब. कुलूप लागंस्तवर मी रोज मोजत हुतो."

मी बाकावर पडलो होतो, तेव्हा माझ्याच खिशातली किल्ली घेऊन त्यांनी तो ड्रॉवर उघडला होता. ज्या ड्रॉवरपायी त्यांच्यावर अर्ज होता, तोच. खुलाशात कारण लिहिलं असतं, तर ते त्याच दिवशी सुटले असते. पण माझी लबाडी शाळाभर झाली असती, म्हणून ते गप्प राहिले. आणि मी मात्र त्यांना चोर म्हणून मोकळा झालो.

डॉक्टरांना मी तिथंही विचारलंच, की भाकरी खरी की चटणी खरी? ते म्हणाले, वजन दोन्हीनं उतरतं, जे वर्षानुवर्षं निभेल ते बेतानं खा, साखर-मैदा आवरा, तुपाचे गोळे बंद करा, आणि मी सांगितल्याशिवाय गोळी सोडू नका. मला संशय आला, की एवढं साधं उत्तर खरं असेल का? पण त्यांच्याकडे विकायला डबा नव्हता.

मॅडम, तक्रार मागे घेतल्याचं हे पत्र आपल्याकडे देतो. खोटी तक्रार केली असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे, नावानिशी. मालतीबाई, तुमचीही माफी. आता टाळ्या नकोत. टाळ्या वाजल्या की मला शंका येते.

आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं पदरात घ्यावं. संगप्पा, तुमच्याकडे मात्र मी बोलण्यातल्या चुकीची माफी मागत नाहीये. केलेल्या चुकीची मागतोय.

त्या कुलपासोबत दोन किल्ल्या आल्या होत्या. ही दुसरी. उद्यापासून तुमची नोकरी नाही, तरी दर शनिवारी या. ड्रॉवर उघडा आणि गोळ्या मोजा. मी घेतल्या असं कितीही शपथेवर सांगितलं, तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका.