अंगाईवर परेड

तुम्ही आता शारजात पोरांना म्युझिक क्लासला गाडीने सोडता. साठच्या दशकात मी तिथे क्लॅरिनेट शिकवायला गेलो, तेव्हा धड रस्ताही नव्हता. रत्नागिरीच्या लग्नाच्या बँडमधून मी थेट पलटणीच्या बँडवर! समोर मिशीवाले अरब शिपाई आणि वर गोरा साहेब. साहेबाने पहिल्याच दिवशी बजावलं, "परेडला एक तरी ट्यून हवी. नाहीतर बँड खलास, आणि तूही खलास."

सोप्या ट्यून म्हणून त्याने इंग्लिश बालगीतांचं पुस्तक दिलं होतं. पण ती गाणी कुणी ऐकलेलीच नव्हती, त्यामुळे चुकलं तरी कुणाला कळेना. क्लॅरिनेट नुसती चिरकायची. शेवटी मी वैतागून एकाला विचारलं, "सालेम, लहानपणी झोपवताना आई काय गायची?" गडी लाजला, मग गुणगुणला. चारच सूर! म्हटलं, "यल्ला, चला, हेच वाजवा." आता एक चुकला की बाकीचे त्याच्या अंगावर धावायचे, "माझी आई असं नव्हती गात!"

परेडच्या दिवशी ढोलवाल्याने मार्चची लय धरली. एकही क्लॅरिनेट चिरकली नाही. तेवढ्यात गर्दीतून एक बाई अरबीत ओरडली, "सालेम, हळू! एवढ्या घाईत पोर झोपेल कसं?"

साहेब माझ्याकडे वळला. "कोण ती? काय म्हणतेय?"

"सालेमची आई, सर. वन्स मोअर म्हणतेय."