मेंढ्याच्या शिंगांचं हँडल

तुम्ही माह्या नव्या बॅटरीच्या सायकलीचं कौतुक करून राह्यले, पण मले जुनीचं सरळ हँडल लय आठवते. देऊळघाटहून बुलढाण्याले ऑफिसात जाताना मी ताठ बसायचो अन् रस्त्याकडच्या वावरात तण निंदत असलेल्या मायले हात हलवायचो. या नवीचं हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. त्यावर वाकलं की डांबराशिवाय काही दिसत नाही.

परवा मायनं जेवताना विचारलं, "आजकाल कोणत्या रस्त्यानं जातं रे बाबू?"

"त्याच रस्त्यानं, माय."

"मंग दिसत काऊन नाही? रोज एक वाकलेला माणूस जाते. तुह्यासारखा वाटते म्हणून मी त्यालेच हात हलवून राह्यली. पण तो काही वर पाह्यत नाही."